बेड नंबर चारचं काय करायचं?

मेट्रनबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी निरोपाच्या समारंभात त्या एकच वाक्य बोलल्या, "आता वर्षभरात मी कादंबरी लिहिणार आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. त्यांना कळून चुकलं की आता कादंबरीची खैर नाही.

बाईंना स्वतःला कसलीच शंका नव्हती. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला. कादंबरी म्हणजे तरी वेगळं काय असतं? अठरा माणसं एका छताखाली आणायची, कोणाला कुठे दुखतंय ते विचारायचं आणि वेळच्या वेळी फिरून बघायचं. फरक इतकाच, की इथे डॉक्टर मध्येमध्ये बोलायला नाहीत!

खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं संध्याकाळी सात वाजता त्या अठरा जीव दुसऱ्या सिस्टरच्या हाती सोपवून घरी येत. कोणाचं सलाईन संपत आलंय, कोण रुसून जेवला नाही, कोणाला लेकाची आठवण येतेय, सगळं सांगून मग पदर खोचून जिना उतरत. निवृत्तीनंतरही सात वाजायचे. हात आपोआप पुढे व्हायचे, आणि हातांत सोपवण्यासारखं काही नसायचं. रिकाम्या हातांना फार वजन असतं. ते कुठे ठेवावं हे कळेना, म्हणून त्यांनी पेन धरलं.

मागच्या खोलीत त्यांनी वॉर्ड मांडला. हॉस्पिटलचे केसपेपर नव्या छपाईचे आले होते, तेव्हा जुन्यांचा गठ्ठा रद्दीत निघाला होता. तो त्यांनी मागून आणला होता. भिंतीवर ओळीने खिळे ठोकले आणि प्रत्येक पात्राचा एकेक केसपेपर पॅडला लावून टांगला. पात्रांना नावं देण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नाव विसरतं, बेड नंबर विसरत नाही. एक नंबरवर नायक होता: "वय सत्तावीस. प्रकृती उत्तम. झोप नाही. कारण प्रेम." दोन नंबरवर नायिका: "प्रेम आहे, पण घरी सांगितलेलं नाही. उद्या पुन्हा पाहणे." सकाळ-संध्याकाळ बाई या भिंतीपुढून राउंड घेत आणि मग लिहायला बसत. अकरा प्रकरणं दोन महिन्यांत झाली.

त्यांचे यजमान भूगोलाचे शिक्षक होते, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत. सर त्या खोलीत पाऊल टाकत नसत. बायकोच्या कामात डोकावायचं नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम होता. तो त्यांनी पाळला नसता, तर ही गोष्ट झालीच नसती.

अकरा प्रकरणं घेऊन बाई एका प्रकाशकांकडे गेल्या. प्रकाशक म्हणजे बारीक, चष्मेवाले गृहस्थ. बोलताना ते समोरच्याकडे न बघता पेन्सिलीच्या टोकाकडे बघत. त्यांनी भाषेचं कौतुक केलं, माणसं जिवंत वाटतात म्हणाले. मग पेन्सिल खाली ठेवली.

"पण बाई, फारच जिवंत आहेत हो. अकरा प्रकरणांत सात जण आजारी पडले आणि सातही बरे झाले. एक तर तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून दात घासतोय. वाचकाला रडायला जागाच नाही. कोणीतरी जायला हवं. महिनाअखेरपर्यंत एक मरण आणून द्या, मी छापतो. नाही तर माफ करा."

बाई जिना उतरल्या त्या सुन्न होऊन. चौतीस वर्षांत पेशंट वाचवून दाखवा असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मारून आणा असं सांगणारा हा पहिलाच.

पण कादंबरी छापून यायला हवी होती. निरोपाच्या समारंभात सगळ्यांसमोर बोलून बसल्या होत्या, आणि बोललेलं मागे घ्यायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. नायकाला मारता येत नव्हतं, नायिकेचं एकोणिसाव्या प्रकरणात लग्न व्हायचं होतं. तीन नंबरवर नायिकेची आजी होती, पण ती इतकी काटक उतरली होती की तिला हात लावायची बाईंनाच भीती वाटे. उरला चार नंबर, नायकाचा बाप. त्याचा केसपेपर अजून कोराच होता.

नमुन्याला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो बाहेर खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

नुकतीच सरांची नेहमीची तपासणी झाली होती. बाईंनी त्यांची फाईल काढली, रक्तदाबाचे आणि साखरेचे खरे आकडे उतरवून घेतले आणि खाली लिहिलं: "बेड नंबर चार. पुरुष, अडुसष्ट. निवृत्त शिक्षक. डावा गुडघा दुखतो, मान्य करत नाही. पेपर शेवटच्या पानापासून वाचतो. गोळी घेतली म्हणतो आणि कुंडीत टाकतो. हृदय थकलेलं. महिनाअखेरीस जाणार. पेशंटला सांगितलेलं नाही. घरच्यांनाही नाही." एवढं झालं आणि दूध उतू गेल्याचा वास आला. बाई धावल्या. केसपेपर फाईलमध्येच राहिला.

आता सरांचं काय झालं ते ऐका. बाईंना हे नंतर कळलं, तुम्हांला आत्ताच सांगून टाकते. तपासणीत काय निघालं असं सरांनी दोनदा विचारलं होतं. बाई नायिकेच्या लग्नात गुंतलेल्या, त्या नुसतं "ठीक आहे" म्हणाल्या होत्या. म्हणून सरांनी स्वतःच फाईल उघडली.

कुंडीतल्या गोळ्या हिला माहीत आहेत, हा पहिला धक्का. महिनाअखेर हा दुसरा.

तुम्ही म्हणाल, बायको कादंबरी लिहिते हे ठाऊक असलेल्या माणसाला एवढं कळू नये? पण कागद हॉस्पिटलचा, छापील. अक्षर मेट्रनचं. आकडे त्यांचे स्वतःचे आणि फाईलवर नावही त्यांचंच. कादंबरी असल्या कागदावर लिहितात, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? सर पलंगाच्या कडेला बसले. भीती वाटलीच. पण त्याहून जास्त एकच ओळ डोळ्यांपुढे येत राहिली: सांगितलेलं नाही. म्हणजे हे एवढं ओझं ती एकटी वाहतेय. सकाळी भाजी निवडताना, दुपारी कपडे वाळत घालताना, हसताना, रागावताना सुद्धा. मग सरांनी तो कागद उशीखाली सरकवला आणि ठरवलं, आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. उरलेले एकोणीस दिवस तिला आपला काही म्हणजे काही त्रास होऊ द्यायचा नाही.

आणि सर एकदम गुणी झाले.

गोळी घेतल्यावर तोंड उघडून दाखवू लागले. भाजीत मीठ जास्त पडलं तर आज चव काय छान आहे म्हणू लागले. बाजारात पिशव्या स्वतः उचलल्या, गुडघा दुखतो असं आपणहून कबूल केलं. घरभर सुंदर अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटल्या: गॅस इथून बंद होतो, पाण्याची मुख्य तोटी ही, विजेच्या पेटीत डावीकडून तिसरा खटका स्वयंपाकघराचा. भिंतीवरचे नकाशे त्यांनी वाचनालयाला दिले आणि लोकरीचा कोट खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला. शिंपी बिचारा तो कोट दुरुस्तीला आलाय समजून चार दिवस भोक शोधत होता.

बाईंना हे खटकलं. हट्टी पेशंट एकाएकी शहाणा झाला की सिस्टर सावध होते. ओरडणाऱ्याची काळजी नसते. गप्प होऊन "सिस्टर, तुम्ही जेवलात का?" असं विचारणाऱ्याजवळ खुर्ची ओढून बसावं लागतं, हे त्या वॉर्डातल्या शिकाऊ पोरींना शिकवत आल्या होत्या. चौथ्या दिवशी सर जेव्हा एकाच सकाळी दोनदा "तू म्हणशील तसं" म्हणाले, तेव्हा बाईंनी कोरा केसपेपर ओढला: "पुरुष, अडुसष्ट. चार दिवसांत एकदाही भांडले नाहीत. वस्तू वाटताहेत. अति गोड बोलतात. लक्षण बरं नाही. लक्ष ठेवणे." आणि हा कागद त्यांनी सवयीने कुठे ठेवला असेल? सरांच्या फाईलमध्ये.

दुपारी सर डोळे मिटून पडले की बाई हलकेच त्यांचं मनगट धरून नाडी मोजत. सर जागेच असत. ती बोटं त्यांना तेहतीस वर्षं ओळखीची होती. डोळ्यांतलं पाणी उशीत जिरवत ते निजल्याचं सोंग करत. सोंगात श्वास चुकला की बाई आणखी घाबरत. अशी ती दोघं एकमेकांना जपत एकमेकांना घाबरवत होती.

दुसरा केसपेपर वाचल्यावर मात्र सरांना राहवेना. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन केला, आणि दोन दिवसांनी वन्सं दोन बॅगा घेऊन दाखल झाल्या.

वन्सं टेलिफोन ऑपरेटर होत्या. लोकांचं बोलणं जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा, असं तीस वर्षं केलं होतं. ती सगळी उपासमार निवृत्तीनंतर भरून निघत होती. भावाने दाखवलेला केसपेपर वाचून त्या एवढ्या हळू आवाजात रडल्या, की शेजारचे विचारायला आले. कांदा लागला, असं सांगून सरांनी वेळ मारून नेली.

इकडे बाईंची कादंबरी अडली होती. चार नंबर मरायला तयार नव्हता. तीनदा त्यांनी त्याला निजवला, तीनदा त्यांच्याच लेखणीने नळी लावून उठवला. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकदाचं मन घट्ट केलं. वन्सं पलीकडच्या खोलीत होत्या. कान मात्र अलीकडे होता.

"चार नंबरचं ठरलं," बाई म्हणत होत्या. "रविवारी सकाळी दहाला. मीच करणार, दुसऱ्या कोणाच्या हातून जमायचं नाही. छे, त्रास कसला होऊ देतेय? झोपेतच. घरच्यांना आधी कशाला सांगायचं? झाल्यावर कळेलच."

वन्सं भिंतीला धरून धरून भावापर्यंत पोचल्या. वहिनी तुला मारणार आहे, रविवारी, दहा वाजता, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

सरांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "त्रास होणार नाही म्हणाली ना?"

"झोपेतच म्हणाली."

"मग झालं. ती करते ते विचार करूनच करते. पुढचे हाल तिला ठाऊक असतील, बघवणार नाहीत तिला."

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिने आजवर दिलेलं एकही इंजेक्शन मला दुखलेलं नाही," सर म्हणाले आणि पेपर उघडून शेवटचं पान वाचू लागले.

वन्संनी नाद सोडला आणि सूत्रं हाती घेतली. भाचीला, म्हणजे सरांच्या लेकीला, फोन करून रविवारी सकाळी काहीही करून पोच म्हणून सांगितलं. तोवर भावाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ त्या आधी स्वतः खाऊन बघू लागल्या. तीन दिवसांत सरांचं निम्मं जेवण तपासणीतच संपलं. सर खंगत चालले, त्यामुळे बाईंनी केसपेपरवर लिहिलं, "भूक मंदावली."

रविवार उजाडला. लेक साडेनऊला धापा टाकत दारात उभी राहिली. एवढ्या सकाळी, न कळवता आलेली लेक बघून बाईंना आनंद झाला. चहा ठेवते, बस, असं म्हणून त्यांनी छातीला टाचलेलं घड्याळ पाहिलं आणि पुढे म्हणाल्या, "मला मात्र दहाला एक काम उरकायचंय. अर्धा तास लागेल. मग निवांत बोलू."

लेक पांढरी फटक पडली.

बाई मागच्या खोलीत जाऊन बसल्या. कागद घेतला. चार नंबर झोपला, असं लिहिलं. पुढे? झोपलेल्या माणसाचे हात कसे असतात? शेकडो माणसं निजलेली पाहिली होती, पण आज एकही आठवेना. म्हणून त्या उठल्या आणि अजून निजूनच असलेल्या नवऱ्याकडे एकदा बघून यावं म्हणून झोपायच्या खोलीत गेल्या.

पलंगावर सर उताणे पडले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात छातीवर जुळवलेले. पायथ्याशी वन्सं पाण्याचा तांब्या उगारून उभ्या होत्या. मागून लेकीने दाराची वाट अडवली.

"दहा वाजले का?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"वाजताहेत. पण तुम्ही हे..."

"मग कर सुरू. उजव्या हाताला दे, डाव्याची शीर सापडत नाही, तुला माहीतच आहे. आणि जाता जाता एक सांगायचंय. कुंडीतल्या गोळ्यांबद्दल माफ कर मला."

बाईंना काही उलगडेना. शेवटी वन्सं बरसल्या. खुनी, कसाई, वैरीण, सगळं म्हणून झाल्यावर त्यांनी उशीखालचा केसपेपर ओढून वहिनीच्या तोंडापुढे फडकवला.

बाईंनी तो वाचला. मग पलंगावर मटकन बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना रडू आलं. अठरा दिवस हा माणूस मरण उशाशी घेऊन निजत होता, आणि आपल्याला त्रास नको म्हणून खारट भाजीचं कौतुक करत होता! त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"बहात्तर. घोड्यासारखी तब्येत आहे तुमची. अहो, हे तुम्ही नाही. हा माझ्या कादंबरीतला बेड नंबर चार आहे. तो मेला तरच प्रकाशक पुस्तक छापणार आहेत."

सर उठून बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तिथे तो फार वेळ थांबला नाही.

"गुडघा माझा, पेपर माझा, कुंडी माझी, आणि म्हणे मी नाही!"

त्यांनी लग्नापासूनचा नेम मोडला, थेट मागच्या खोलीत जाऊन बसले आणि सगळी कादंबरी वाचून काढली. चार नंबर मधल्या प्रकरणांत फक्त पाच वेळा येतो, त्यातही दोनदा नुसता खोकतो, ही गोष्ट त्यांना भारीच लागली. वन्संनी आजीचा भाग आपल्यावर बेतलाय असा आरोप केला. लेकीने मात्र मुद्द्याची गोष्ट विचारली. महिनाअखेर उद्यावर आली होती. पुस्तकाचं काय?

बाई म्हणाल्या, राहिलं. आता तर माझ्याच्याने होणार नाही.

सरांनी चष्मा काढला. "होणार कसं नाही? सगळ्यांसमोर बोलली आहेस ना? मार मला. मी एवढी तयारी केलीच आहे, ती तरी वाया कशाला घालवायची?"

हे ते इतक्या मायेने बोलले, की वन्संनी तांब्या खाली ठेवला. बाई खोलीत गेल्या, दार लोटलं. बाहेर तिघं जण ओळीने बसली, ऑपरेशनच्या दाराशी बसतात तशी.

अर्ध्या तासाने सरांनी विचारलं, "गेलो का?"

"नाही अजून. ठोके मंदावताहेत."

आणखी वीस मिनिटं गेली.

"आता?"

"थांबा ना जरा, श्वास लागलाय तुम्हांला."

लेकीने बापाचा हात घट्ट धरला. आतून पेनाची करकर येत होती. मग ती थांबली.  सरांनी सुद्धा विचारायचं धाडस केलं नाही. दार उघडलं तेव्हा बाईंचे डोळे लाल होते.

"उठून बसलात," त्या हताशपणे म्हणाल्या. "पेपर मागताय."

सरांचा चेहरा खुलला होता, पण तो त्यांनी लगेच दुःखी केला. बाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं आणि पुन्हा आत गेल्या. या वेळी दहा मिनिटांत बाहेर आल्या, हात पुसत, एखादी ड्रेसिंग बदलून यावं तशा.

तीन दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. कादंबरी घेतली म्हणाले. शेवटच्या प्रकरणात एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ चार नंबरची चौकशी करायला येतात आणि जिन्यावरच अर्ध्या पानात आटोपतात, तो मृत्यू फारच सहज उतरलाय असं त्यांचं मत पडलं. वाचताना आपण स्वतः रडलो. का कोण जाणे, पण अगदी जवळचं कोणी गेल्यासारखं वाटलं, असंही म्हणाले.

फोन ठेवल्यावर सर जरा सरकून बसले. चार नंबरसाठी तीन आठवडे गेले, मग या माणसाला दहा मिनिटांत कसं मारलंस, असं त्यांनी दबकत विचारलं.

बाई ओशाळल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ते कुठे माझे पेशंट होते? ते नुसते भेटायला आले होते."